‘तीन हजार वर्षं जगलंय, त्याला काय होतंय?’

एकच मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून येऊन पडला. वर एका अवाढव्य बुंध्याचा फोटो, बुंध्याशी मुंगीएवढी माणसं, आणि खाली: ‘कॅलिफोर्नियाचा सिकोया! तीन हजार वर्षांत शेकडो दुष्काळ पचवले. मुळं थेट पाताळात. धुकं पिऊन जगतो. साल जळत नाही, उलट आग लागली की जोमाने वाढतो. आता तर ब्रिटनमध्ये कॅलिफोर्नियापेक्षा जास्त सिकोया आहेत. हवामानबदलाचा बागुलबुवा उभा करणाऱ्यांना निसर्गाचं सणसणीत उत्तर! आपल्या दुष्काळी भागात हे झाड का लावत नाहीत?’

साफ खोटं असतं तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून जरा बसून लिहावं लागतंय.

धुकं पिणारं झाड हे नव्हे. ते किनारी रेडवूड. सिकोयाचा सख्खा नातेवाईक, जास्त उंच आणि तुलनेने सडपातळ, पॅसिफिकच्या काठाने वाढणारा. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारं धुकं त्याच्या पानांना ओलावा देतं, हे खरं आहे. आपला महाकाय सिकोया तिथून बराच आत, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर साधारण १,५०० ते २,१०० मीटर उंचीवर असतो. सगळ्या जगात त्याची नैसर्गिक राईबनं सत्तर-ऐंशीच. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत. वर्षाचं पाणी येतं ते मुख्यतः हिवाळ्यात साठलेल्या आणि वसंतात हळूहळू वितळणाऱ्या बर्फातून.

‘मुळं पाताळात’ हे तर उलटंच आहे. कोवळ्या रोपाला सोटमूळ असतं, पण पुढे ते मागे पडतं. मोठ्या झाडाची मुळं जेमतेम तीन-चार मीटर खोल जातात आणि चहूबाजूंना तीस मीटरहून जास्त पसरतात. पंचवीस मजली इमारतीएवढं झाड घराच्या पायाइतक्या खोलीवर उभं असतं म्हणा ना. उन्हाळ्यातल्या एका दिवसात मोठं झाड दोन ते तीन हजार लिटर पाणी ओढतं. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर त्याला तीन ते पाच दिवस पुरेल. हे पाणी पाताळातून येत नाही, वरच्या मातीत मुरलेल्या बर्फाच्या पाण्यातून येतं. आणि १ एप्रिल २०१५ रोजी सिएरातला बर्फसाठा सरासरीच्या फक्त ५ टक्के होता. त्या दिवशी राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन नेहमी बर्फाखाली असणाऱ्या कुरणात वाळक्या गवतावर उभे राहिले आणि पाणीकपात जाहीर केली. तो फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

ब्रिटनचं गणितही मजेशीर आहे. २०२४ मध्ये आलेला आकडा असा: ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख झाडं, कॅलिफोर्नियात ऐंशी हजार. पण ऐंशी हजारांत फक्त मोठी, जुनी झाडं मोजली आहेत, तर पाच लाखांत रोपवाटिकेतून आलेली तरुण झाडंही आहेत आणि किनारी रेडवूडही. ब्रिटनमध्ये पहिलं बी पोहोचलं १८५३ मध्ये, म्हणजे तिथलं सगळ्यात म्हातारं झाडही पावणेदोनशे वर्षांच्या आतलं. आजोबांची संख्या नातवंडांशी ताडून ‘खानदान वाढलं’ म्हणण्यातला हा प्रकार.

आता मुख्य दावा. शेकडो दुष्काळ पचवले, हे खरंच आहे. कापलेल्या एका खोडावर ३,२०० हून जास्त वार्षिक वलयं मोजली गेली आहेत, आणि जनरल शर्मन नावाचं झाड साधारण दोन हजार वर्षांचं तरी आहे. २०१२ ते २०१६ च्या दुष्काळाने कॅलिफोर्नियात हाहाकार उडवला. २०१० ते २०१७ या काळात राज्यात १२ कोटी ९० लाख झाडं मेल्याचा वनखात्याचा अंदाज आहे. त्यात दुष्काळाने मेलेले मोठे सिकोया अगदी थोडे, हेही मान्य. उलट गेल्या काही दशकांत त्यांच्या खोडाची वाढ जोरात झाल्याचं वलयं सांगतात. मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्याने तेही घातलं असतं.

पण पचवले म्हणजे नेमकं काय केलं? २०१४ च्या उन्हाळ्याअखेर नेट स्टीफन्सन हे संशोधक जायंट फॉरेस्ट या सिकोयांच्या राईत दुष्काळात रोपांचं काय झालं ते पाहायला गेले होते. खाली बघता बघता त्यांनी मान वर केली, तर मोठ्या झाडांचा पाला तपकिरी पडलेला. इतक्या वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. खोडाच्या बाजूची जुनी पालवी वाळलेली, फांद्यांची टोकं मात्र हिरवी. काही झाडांनी तर निम्म्याहून जास्त पाला टाकला होता. पाणी कमी तर खर्च कमी: म्हातारी पानं सोडून द्यायची आणि कोवळी जगवायची. पुढच्या वर्षी बर्कली विद्यापीठाचे अँथनी अँब्रोज आणि वेंडी बॅक्स्टर यांची टोळी दोर लावून त्या झाडांवर चढली, तीही पहाटेच्या अंधारात आणि पुन्हा भर दुपारी. डहाळी कापायची, जाड धातूच्या डब्यात कोंबून कापलेलं टोक बाहेर ठेवायचं, आत वायूचा दाब वाढवत न्यायचा आणि भिंग लावून त्या टोकाकडे बघत बसायचं. जितक्या दाबाला पाण्याचा थेंब बाहेर डोकावतो, तितक्या जोराने झाड ते पाणी खेचून धरत होतं. नुसत्या गुरुत्वाकर्षणापोटी ऐंशी मीटर उंचीवर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या आठपट ताण येतो. कोरड्या मातीची आणि तापलेल्या हवेची ओढ त्यावर आणखी. तेव्हा ‘पचवले’ म्हणताना ढेकर देऊन मोकळं झालेलं झाड डोळ्यांसमोर आणू नका. दागिने मोडून वर्ष काढलेलं घर आणा.

यात नवीन गोष्ट आहे ती उष्णता. पाऊस पूर्वीही कमी पडायचा, पण हवा जितकी गरम तितकी ती पानांतून जास्त पाणी ओढते, आणि बर्फ लवकर वितळला की कोरडा उन्हाळा लांबतो. सालीखाली शिरणारे भुंगेरे पूर्वी सिकोयाच्या वाटेला फारसे जात नसत. २०१४ नंतर मात्र काही डझन मोठी झाडं दुष्काळ, बुंध्याच्या जुन्या जखमा आणि हे भुंगेरे अशा तिहेरी माऱ्याने मेली. संख्या छोटी आहे, पण जुन्या वनरक्षकांना सिकोया उभ्या उभ्या मरताना बघायची सवय नव्हती.

आणि आग. साल जळत नाही? साठ सेंटिमीटरपर्यंत जाड, मऊ, जवळजवळ राळ नसलेली ती साल खरोखर मोठं कवच आहे. आग हवी असते, हेही खरं. कोंबडीच्या अंड्याएवढे त्याचे शंकू कधी कधी वीस वर्षं झाडावर हिरवे, मिटलेले राहतात. आगीची धग लागली की सुकून उघडतात, आणि ओटच्या पापडीसारखं हलकं बी खाली मोकळ्या, राखाळ मातीत पडतं. मात्र ही सगळी गुडघाभर आगीची गोष्ट आहे. पालापाचोळा जाळत सरकणारी, दर थोड्या वर्षांनी येणारी आग.

इ.स. ८०० ते १३०० हा उष्ण, कोरडा काळ आपले फॉरवर्डवाले नेहमी पुढे करतात: तेव्हाही तापलं होतंच की! बरोबर. टॉमस स्वेटनम या संशोधकांनी जायंट फॉरेस्टच्या खोडांवरचे तीन हजार वर्षांचे वणव्यांचे व्रण वाचले, तेव्हा सर्वांत जास्त आगी नेमक्या त्याच पाच शतकांत सापडल्या. पण आगी वारंवार लागत असल्यामुळे खाली जळण साठत नव्हतं, म्हणून झाडं वाचली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे चक्र थांबलं. रान जाळून राखणाऱ्या मूळ जमातींना हुसकावलं गेलं, मेंढ्यांचे कळप आले, आणि विसाव्या शतकात सरकारने दिसली आग की विझव असं धोरण धरलं. शंभर वर्षांचं सरपण साठलं. मग दुष्काळाने आजूबाजूचे पाइन आणि फर वाळवले आणि त्या सरपणात भर घातली. दुष्काळाने सिकोयाला सोडलं, पण त्याच्या शेजाऱ्यांना मारून त्याच्या पायाशी रचून ठेवलं.

ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडून लागलेली कॅसल आग शेंड्यांपर्यंत चढली. अंदाजे ७,५०० ते १०,६०० मोठे सिकोया त्यात गेले. पुढच्या वर्षी केएनपी आणि विंडी या दोन आगींनी आणखी २,२०० ते ३,६०० झाडांचा बळी घेतला. दोन हंगामांत जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के संपले. सप्टेंबर २०२१ मध्ये जनरल शर्मनच्या तळाला, ज्याचा घेर तीसेक मीटर आहे, अग्निशमन दलाने अॅल्युमिनियमचं चमकतं कापड गुंडाळलं होतं. साल जळत नसेल, तर हे कशासाठी? ते झाड वाचलं. त्याचं एक कारण म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यानात १९६८ नंतर मुद्दाम छोट्या आगी लावून जळण कमी केलं जात होतं.

जिथे आग शेंड्यांत शिरली तिथे शंकूही भाजून गेले, त्यामुळे नवी पिढी उगवायला बी पुरेसं उरलं नाही. अशा ठिकाणी रोपं लावायला घेतली, तर संरक्षित रानात माणसाने लावावीत का, यावरून वाद पेटला. माझं मत लावावीत असं आहे, कारण सरपण आपणच साठवलं. पण लावलेल्या रोपाचं मूळ पहिल्या उन्हाळ्यात फार खोल गेलेलं नसतं, आणि वरची माती जूनमध्येच सुकायला लागते.

राहिला प्रश्न आपल्या दुष्काळी भागात लावायचा. लावा की. आधी तेवढी बर्फाची सोय करा.