रोज हजार शब्द म्हणजे कादंबरी नव्हे

कादंबरी लिहू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: खरा लेखक पहाटे उठतो, रोज न चुकता हजार शब्द लिहितो, लिहिलेले मागे वळून वाचत नाही, संपूर्ण आराखडा हाताशी असल्याशिवाय सुरुवात करत नाही, आणि म्हणून तीन महिन्यांत त्याची नव्वद हजार शब्दांची कादंबरी तयार होते, ज्याला एवढे जमत नाही त्याने स्वतःला लेखक म्हणवून घेऊ नये. नियमितपणे लिहायला बसावे, हा आग्रह मलाही मान्य आहे. परंतु हा सल्ला जसाच्या तसा पाळणारे अनेक होतकरू लेखक आपल्याच कादंबरीपासून तुटत जातात आणि दोष मात्र स्वतःच्या आळसाला देतात. म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

हजार शब्दांच्या समर्थनार्थ बहुधा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप यांचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचला लिहायला बसत आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहीत. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या आत्मचरित्रातून ही माहिती मिळते, त्यातच आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, बैठकीचा पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात घालवत. दुसरी म्हणजे, कादंबरीकाराने आपल्या पात्रांच्या निकट सहवासात राहिले पाहिजे, असे ते आग्रहाने सांगतात. लेखणी हातात नसतानाही चालू असलेल्या या सहवासामुळे त्यांची शब्दसंख्या पुरी होत होती. सल्ला देणारे संख्या तेवढी उचलतात आणि सहवास गाळतात. उलट फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लोबेर यांना ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी पुरी करायला १८५१ ते १८५६ एवढा काळ लागला, आणि त्यातले कित्येक आठवडे मोजक्याच पानांवर गेले. म्हणून त्या आठवड्यांत ते काम करत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही.

शब्दसंख्या हे माप कुठे फसते, ते एका प्रसंगावरून पाहता येईल. समजा, वडील गेल्यानंतर दोन भाऊ घरातील वस्तूंची वाटणी करत आहेत. पहिल्या खर्ड्यात धाकटा टोचून बोलतो, थोरला उलट उत्तर देतो, जुने हिशेब निघतात आणि बाराशे शब्द सहज भरतात. दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात येते की, जे बोलणे या दोघांनी आयुष्यभर टाळले, ते आजच इतक्या मोकळेपणाने बोलण्याचे काही कारण कादंबरीत आलेलेच नाही. मग भांडण जाते. थोरला वडिलांच्या घड्याळाला चावी देतो, ते कानाशी धरून चालू असल्याची खात्री करून घेतो आणि काही न बोलता धाकट्याच्या पिशवीत ठेवतो. धाकटा पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. तीनशे शब्द उरतात. आता हे घड्याळ आधीच्या एखाद्या प्रकरणात वाचकाने वडिलांच्या हातात पाहिलेले असले पाहिजे, म्हणून तेही प्रकरण उघडावे लागते. आणि इथे न झालेले भांडण पुढे कधी आणि कशावरून होईल, याचा विचार सुरू होतो. हजार शब्दांच्या हिशेबात हा दिवस नऊशे शब्दांच्या तोट्याचा ठरतो. माझ्या मते कादंबरी त्याच दिवशी सर्वांत जास्त पुढे सरकलेली असते.

मागे वळून वाचू नका, या सूचनेमागचे कारण मला समजते. पहिल्याच परिच्छेदावर महिनोन्महिने हात फिरवत राहिल्यामुळे पुस्तक मध्येच सोडून देणारे लोक असतात, आणि त्यांच्यासाठी ही सूचना उपयोगी आहे. पण वाक्य घासूनपुसून लखलखीत करण्यासाठी वाचणे वेगळे आणि कथेचा धागा पुन्हा हाती घेण्यासाठी वाचणे वेगळे. कोणत्या पात्राला कोणती गोष्ट कधी कळली, निवेदक किती जाणतो आणि त्यातले किती सांगतो, एखाद्या स्त्रीने तिसऱ्या प्रकरणात जे लपवले ते दहाव्या प्रकरणात तिच्या बोलण्यात कसे डोकावते, हे सारे लांबलचक लेखनात केवळ स्मरणावर सोडता येत नाही. अर्नेस्ट हेमिंग्वे नव्या लेखकांना सांगत की, रोज सुरुवातीपासून सगळे वाचावे, आणि मजकूर फार वाढला की निदान मागची दोनतीन प्रकरणे तरी वाचून मगच पुढे लिहावे. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे काम थांबवावे, असेही ते सांगत. ठरलेला आकडा गाठेपर्यंत विहीर कोरडी करणाऱ्याला हे साधत नाही.

पहाटेच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. प्रागमधील कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी करणारे फ्रान्झ काफ्का रात्री लिहीत. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी एक संपूर्ण कथा एका रात्रीत लिहून काढली. ट्रोलप यांना वेळेवर उठवण्यासाठी एक नोकर होता आणि त्या कामाबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, हीदेखील त्यांनीच दिलेली माहिती आहे. ज्याच्या घरात जी वेळ मोकळी मिळते, ती त्याची लिहिण्याची वेळ.

संपूर्ण आराखड्याची अट याहून अधिक नुकसान करते. टॉलस्टॉय यांना लिहायची होती ती १८५६ मध्ये हद्दपारीतून परतलेल्या एका बंडखोराची गोष्ट. त्याला समजून घेण्यासाठी ते मागे रशियातील १८२५ च्या बंडाच्या काळात गेले, तिथून १८१२ च्या युद्धापर्यंत आणि अखेर १८०५ पर्यंत पोहोचले, आणि त्यातून ‘युद्ध आणि शांती’ उभी राहिली. मूळ आराखड्याशी ते इमान राखून बसले असते तर ती कादंबरी झालीच नसती. आराखडा जरूर करावा. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’सारख्या साप्ताहिकातून कादंबरी क्रमशः द्यायची असेल, तर पुढची दिशा डोक्यात नसून चालत नाही. पण पात्राने एखाद्या वळणावर नकार दिला, तर आराखडा बदलावा. पात्राला वाकवू नये.

थोड्या अवधीत कादंबरी होते, याचा पुरावा म्हणून दस्तयेव्हस्की पुढे केले जातात. १८६६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ‘जुगारी’ सव्वीस दिवसांत सांगून लिहून घेतली, हे खरेच आहे. करारातील मुदत चुकली असती तर नऊ वर्षांपर्यंतच्या लेखनाचे हक्क प्रकाशकाकडे जाणार होते. परंतु या कथेची कल्पना त्यांनी १८६३ मध्येच एका पत्रात सविस्तर मांडली होती, आणि जुगाराच्या टेबलाशी त्यांची स्वतःची ओळख तर त्याहून गाढ होती. सव्वीस दिवस लागले ते सांगण्यासाठी. घडण्यासाठी निदान तीन वर्षे लागली.

राहता राहिले ते सल्ल्यातले शेवटचे वाक्य, ज्याला एवढे जमत नाही त्याने स्वतःला लेखक म्हणवून घेऊ नये हे, आणि मला खरा आक्षेप त्यावर आहे. नियमितपणे लिहिणे आपल्याला कधीच जमले नाही, कारण दिवसभराची नोकरी होती, असे अमेरिकन कादंबरीकार टॉनी मॉरिसन यांनी नोबेल मिळाले त्याच वर्षी, १९९३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत स्पष्टपणे सांगितले आहे. प्रकाशनसंस्थेतील संपादनाचे काम आणि दोन लहान मुले सांभाळून, मिळेल त्या वेळेत त्या लिहीत होत्या. पहिली कादंबरी १९७० मध्ये आली तेव्हा त्यांचे वय ३९ होते. आज अशाच परिस्थितीत आठवड्यातून दोनदा, तासभर, वहीत एखादे पान लिहिणाऱ्या कोणालाही तू लेखक नाहीस असे सांगण्याचा अधिकार हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांना नाही. निदान ते एक वाक्य तरी त्यांनी गाळावे.