जळालेल्या घराच्या पावत्या
ऑस्ट्रेलियात वणवा विझला की मदतीच्या रकमा लगेच जाहीर होतात, आणि दर वेळी माझा संताप तिथूनच सुरू होतो. 2019-20 च्या वणव्यांनंतर बाधित प्रौढाला 1,000 डॉलर आणि मुलामागे आधी 400 आणि पुढे वाढवून 800 डॉलर अशी एकरकमी मदत मिळाली. ज्या कुटुंबाचे छप्पर, अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी एका दुपारी राख झाली, त्याला ती किती दिवस पुरणार? शेतकऱ्यांसाठी 75,000 डॉलरपर्यंतचे अनुदान होते खरे, परंतु निम्म्याहून अधिक उत्पन्न शेतीतूनच हवे, या अटीमुळे जोडीला नोकरी करून जमीन राखणारे छोटे शेतकरी अपात्र ठरले. त्याहून चीड येते ती कागदपत्रांची. ज्याचे घरच जळाले, त्याच्याकडे जुन्या पावत्या मागायच्या आणि तीच हकिकत प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगायला लावायची, हा कुठला न्याय? तिकडे कुंपणाचे कोळसा झालेले खांब आणि लोंबणाऱ्या तारा तशाच पडून असतात, वाचलेली गुरे रस्त्यावर येतात आणि चाऱ्याचा खर्च काही थांबत नाही. अधिकाऱ्याने एकदाच शेतावर येऊन पाहणी करावी आणि तीच नोंद सर्वांनी ग्राह्य धरावी, एवढेही दर वणव्यानंतर नव्याने मागावे का लागते?