साडेचार तास कधीपासून मोजायचे?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला, तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते द्यायला आपत्कालीन विभागातले डॉक्टर कचरतात, असं लकव्यावरच्या एका लेखात म्हटलंय. ती भीती पोकळ नाही. १९९५च्या अमेरिकन चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न घेतलेल्यांत ०.६ टक्के. तरीही तीन महिन्यांनी मृत्यू वाढलेले नव्हते आणि आपलं आपण करू शकणारे जास्त होते. माझ्या मते फायद्याचं पारडं जड आहे.

लेखात राहिलेला मुद्दा वेळेचा. साडेचार तास मोजतात ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. सकाळी तोंड वाकडं दिसलं, तर रात्री झोपल्यापासून. म्हणून ती वेळ कागदावर लिहून न्या.

आधी सीटी स्कॅन, रक्तातली साखर (ती घसरली तरी हुबेहूब लकवाच वाटतो), रक्तदाब १८५/११०च्या खाली. मग अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं तेच औषध) वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम: ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं तासाभरात.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीसारख्या गावांकडून निघताना 'वारं गेलंय' म्हणून तेल चोळत बसू नका, चहापाणी पाजू नका, घरची अ‍ॅस्पिरिनही नको. १०८ला फोन करा आणि सीटी चालू असलेल्या दवाखान्यातच थेट न्या.