‘साथ संपू दे, मग केमो बघू’: हे कोणी ठरवलं?

कोविडमध्ये घरोघरी फिरलेला मेसेज आठवत असेल: ‘कॅन्सर पेशंटने साथीत हॉस्पिटलची पायरी चढू नये. केमो चालू असताना संसर्ग झाला की संपलंच. दोन-तीन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. लसही नको.’

संसर्गाची भीती खोटी नाही. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या पाहणीत कॅन्सर आणि कोविड दोन्ही असलेले 928 रुग्ण होते, त्यातले 13 टक्के दगावले. पण खापर केमोवर फोडता येत नाही. वय, इतर आजार, बळावलेला कॅन्सर ही कारणं ठळक होती. ब्रिटनमधल्या 800 रुग्णांच्या पाहणीतही, आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. (रक्ताच्या कॅन्सरचं गणित वेगळं, तिथे धोका जास्तच.)

‘काही बिघडत नाही’ हे मात्र धडधडीत चूक. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या 2020 च्या विश्लेषणानुसार कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो. प्रोस्टेटच्या काही संथ वाढणाऱ्या गाठींचे उपचार थांबू शकतात, पण कोणत्या गाठीचे थांबतील हे फॉरवर्ड करणाऱ्याला कसं कळणार? शिवाय हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी करायला उपचार बंदच करावे लागतात असं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींना 15 ऐवजी 5 वेळा रेडिएशन देऊन भागतं, हे त्याच वर्षी एका मोठ्या चाचणीत दिसलं.

लसीबद्दल एवढंच: केमोत टाळायच्या त्या जिवंत विषाणूच्या लसी. कोविडच्या एमआरएनए लसीत जिवंत विषाणू नसतोच. काही औषधांवर असलेल्यांना लस कमी लागू पडते, म्हणून त्यांना जादा डोस सांगितला गेला.

आता ती हॉस्पिटलची पायरी. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. रात्री अकराला थर्मामीटर 100.4 दाखवतो. घरचे म्हणतात, ‘आत्ता नेलं तर कोविड वॉर्डात टाकतील, पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू.’ गोळीने ताप उतरतो, रक्तात संसर्ग असेल तर तो वाढतच राहतो. अशा तापात हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक शिरेतून जावं लागतं. तेव्हा गोळी देण्याआधी हॉस्पिटलला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात शेवटच्या केमोची तारीख सांगा.