ग्लासातला तपकिरी गाळ सळईतून येतो, पाण्यातून नाही

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. दोन ग्लास, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओ फिल्टरचं. चार सळ्यांचं यंत्र बुडवून वीज सोडली की बोअरचं पाणी मिनिटभरात हिरवट-तपकिरी होतं. आरओचं जसंच्या तसं. खाली मजकूर असतो: ‘हेच विष तुम्ही रोज पिता. टीडीएस ५०० च्या वर म्हणजे विष, १०० च्या आत म्हणजे शुद्ध. मीटर घ्या, लॅबची गरज नाही. फिल्टर नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, सगळं निघून जातं.’

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये. या मजकुरावर विसंबून घरात लहान बाळासाठी पाणी ठरवलं जातं, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

पहिला दावा: वीज सोडल्यावर पाण्यातलं विष दिसतं.

दिसतं ते लोखंड. यंत्रातल्या धन टोकाच्या सळ्या लोखंडाच्या असतात. वीज वाहू लागली की त्याच विरघळतात. पाण्यात उतरलेल्या लोहाचा आधी हिरवट हायड्रॉक्साइड बनतो, मग हवेतला ऑक्सिजन मिळून तो तपकिरी होतो. किती वीज गेली की किती धातू विरघळतो, हा हिशेब फॅरडेच्या नियमानं सरळ निघतो. अर्धा अँपिअर प्रवाह ६० सेकंद, म्हणजे ३० कूलाँब विद्युतभार. तेवढ्यात सुमारे ८.७ मिलिग्रॅम लोखंड सुटतं. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ते लिटरला ४३ मिलिग्रॅम पडतं. पिण्याच्या पाण्यात लोह लिटरला १ मिलिग्रॅमसुद्धा ओलांडू नये. म्हणजे दाखवणाऱ्यानं चांगलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत खराब केलेलं असतं.

मग आरओचं पाणी का बदलत नाही? त्यात क्षार कमी, म्हणून प्रवाहच जेमतेम वाहतो. विक्रेत्याला सांगा, त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि पुन्हा सळ्या बुडव. तपकिरी गाळ तिथंही येईल, आणि मीठ तर आपण रोज खातो. लोखंडाऐवजी प्लॅटिनमच्या तारा लावल्या तर जड पाण्यातही तपकिरी रंग येणार नाही. फार तर पांढरट गढूळपणा येईल, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. हा प्रयोग घरी मात्र करू नका. यातली बरीच यंत्रं थेट घरच्या विजेवर चालतात, आणि ओला हात लागला तर जीव जाऊ शकतो.

दुसरा दावा: मीटर असलं की लॅब नको.

टीडीएस मीटर क्षार मोजतच नाही. ते दोन टोकांमधली विद्युतवाहकता मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरलेल्या आकड्यानं गुणून ‘टीडीएस’ दाखवतं. कोणता क्षार, हे त्याला कळायला मार्ग नाही. आरओच्या पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून बघा, आकडा जवळपास हलणार नाही, कारण साखरेचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होत नाहीत. बरीच कीटकनाशकं अशीच आहेत. जिवाणूही मीटरला दिसत नाहीत.

आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. त्याच्या दहापट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक ३०० टीडीएसच्या पाण्यात असलं, तरी मीटरवर ३०० च दिसेल. त्याची सगळ्यात लहान पायरीच १ ची आहे. विषशास्त्रात पदार्थ कोणता आणि किती, हे दोन्ही लागतं. मीटर पहिल्याचं उत्तर देत नाही आणि दुसऱ्याचं ढोबळ देतं.

तिसरा दावा, ५०० च्या वर विष. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० मध्ये ५०० ही स्वीकार्य पातळी आहे. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड असतं. डाळ शिजत नाही, गिझर खराब होतो, चव मचूळ लागते, पण एवढ्यानं ते विषारी ठरत नाही.

उलट बाजू जास्त घातक आहे: आकडा ५०० च्या आत असूनही पाणी वाईट असू शकतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि तिला मुभा नाही. समजा बोअरचा टीडीएस १२०० आणि नायट्रेट १५०. फिल्टरमधून टीडीएस ८० आणि नायट्रेट १५ वर आलं. चव यावी म्हणून मेकॅनिकनं टीडीएसचा स्क्रू फिरवून एक भाग कच्चं पाणी दोन भाग आरओच्या पाण्यात मिसळलं. मीटर सुमारे ४५३ दाखवेल, म्हणजे मजकुराच्या हिशेबानं विष नाही. नायट्रेट मात्र ६०. युरिया, शोषखड्डा, उकिरडा बोअरजवळ असला की पाण्यात नायट्रेट असं वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, त्यामुळे तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि रक्त ऑक्सिजन पोचवेनासं होतं. ओठ, नखं निळसर दिसली तर बाळाला तडक दवाखान्यात न्यायचं.

फ्लोराइडचंही तसंच. किनवटसारख्या ग्रॅनाइटच्या भागात ते खडकातूनच पाण्यात उतरतं. मर्यादा १, फार तर १.५ मिलिग्रॅम. ३ मिलिग्रॅम असलं तरी मीटरचा आकडा जेमतेमच वाढतो. दातांवर डाग आणि पुढं हाडांचा ताठरपणा यायला ते पुरेसं आहे.

चौथा दावा, उकळलं की सगळं जातं. जिवाणूंसाठी खळखळून एक मिनिट पुरे. नायट्रेट आणि फ्लोराइड वाफेबरोबर जात नाहीत. १० लिटर आटून ८ झालं तर ४० मिलिग्रॅम नायट्रेट ५० होतं. म्हणजे चालण्याजोगं पाणी उकळून मर्यादेबाहेर जातं.

तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. नमुना नीट नसेल तर तिथला आकडाही खोटा येतो. बोअर पाच मिनिटं चालवून पाणी जाऊ द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, एक लिटर भरा. काच नको, फ्लोराइड काचेशी क्रिया करतं. नायट्रेटसाठी बाटली बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत पोचवा. उन्हात राहिली तर जिवाणू नायट्रेट खातात आणि आकडा कमी येतो. जिवाणूंच्या तपासणीची बाटली वेगळी, लॅबमधून निर्जंतुक करून आणलेली. ती विसळायची नाही. धातू तपासायचे तर आणखी एक बाटली, तिच्यात नायट्रिक आम्ल घालतात. ती नायट्रेटसाठी वापरली तर आम्लातलंच नायट्रेट मोजलं जाईल.

अहवाल हातात आला की आधी एकक बघा. काही ठिकाणी नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ लिहितात. तो आकडा ४.४३ नं गुणायचा. कागदावर १२ दिसलं आणि ते ४५ शी ताडलं, तर पाणी चांगलं वाटेल. प्रत्यक्षात नायट्रेट ५३ असतं.