बोरिवलीची खिडकी

गेल्या रविवारी मी एका माणसाला त्याच्या घराचा फोटो काढू का असं विचारलं. त्यात माझी ४५ मिनिटं गेली, बांगड्याची थाळी गेली आणि बायकोसमोर जी काय थोडीफार किंमत होती तीही गेली.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे रस्त्याला लागून घर. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं आणि दर्शनी भिंतीला लाकडी गजांची एक खिडकी. अशा खिडक्या आता कुठे दिसत नाहीत, सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा. गाडी थांबवली. बायको म्हणाली, इथूनच काच खाली करून काढ आणि चल, खानावळ तीनला बंद होते. पण मला संस्कार आडवे आले. म्हटलं लोकांचं घर आहे, विचारायला नको? आणि गडग्याचं बेडं सरकवून आत गेलो. पहिली चूक ती.

आतून एक गृहस्थ आले. सत्तरीचे असतील, उघडेबंब, कमरेला पंचा, हातात कोयती. नारळ सोलत असावेत, पण कोयती हातात असलेल्या माणसाला तुम्ही काय करत होतात असं विचारायचं नसतं. मी अदबीने म्हटलं, "काका, तुमचं घर फार सुंदर आहे. एक फोटो काढला तर चालेल?"

काका माझ्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग गाडीच्या नंबरप्लेटकडे.

"लालबागच्यान धाडल्यान काय तुमका?"

म्हटलं नाही हो, मी डोंबिवलीचा. यावर त्यांचा संशय दुप्पट झाला. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, इकडे कोणाकडे आलात, होमस्टेला का, किती घेतो तो, एवढे? मी सगळी उत्तरं दिली. पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला घरी आलेल्या पोलिसाने मला यापेक्षा कमी प्रश्न विचारले होते. शेवटी मी म्हटलं, काका, तुम्हाला आवडत नसेल तर राहू दे, मी जातो. तर तेही नाही.

"जातंय काय? आता इचारलास मां? गपचीप काढलास असतास तर माका कळलाच नसता. इचारलास तर माका इचार करूक व्हयो."

आणि ते खरंच विचार करायला पायरीवर बसले.

मी खळ्यात उन्हात उभा. गाडीतून हॉर्न. पाचेक मिनिटांनी काका उठले आणि कोयतीने हवेत रेघा मारत मला घर समजावून सांगायला लागले. पडवी त्यांची. माजघर सामायिक. देवघर सामायिक पण पूजा त्यांनी करायची आणि गणपतीला सगळ्यांनी यायचं. डावीकडच्या दोन खोल्या लालबागच्या चुलतभावाच्या, कुलूप आहे, किल्ली तो देत नाही. विहीर सामायिक, पंप त्यांचा. आणि मला हवी होती ती खिडकी?

"ती बारक्या काकाच्या वाट्याची. त्येचो झील बोरिवलेक आसा. तेका इचारूक व्हया."

मी म्हटलं काका, मी खिडकी नेत नाहीये. फक्त फोटो.

"फोटोच तर कोर्टात जाता!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वाटणीची केस चालू होती. दोन वर्षांपूर्वी काकांनी मागच्या बाजूला कौलांवर निळा पत्रा घातला होता, सामायिक छपरावर, कोणाला न विचारता. "माकडां नळे फोडतत! ते परतूक लालबागसून कोन येता? कोन येना नाय!" आता बोलताना त्यांचा आवाज चढला होता, पण माझ्यावर नाही, तिकडे लालबागच्या दिशेने, आणि खरं सांगायचं तर मला एकदम पटलं त्यांचं. माकडं कौलं फोडतात ती मजा मुंबईत बसून कळत नाही. पण तो पत्रा चुलतभावाला अजून दिसला नव्हता, आणि मी, डोंबिवलीचा एक रिकामटेकडा, मोबाइल घेऊन पुराव्यासारखा दारात उभा.

त्यांनी मग सरकारलाही सोडलं नाही. २०२० ला ती स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांच्या सनदा द्यायची, ती त्यांच्या मनातून जात नव्हती. "डोक्यावरसून ड्रोन गेलो. सरकारान माका इचारल्यान?" नाही विचारलं. तोच तर मुद्दा आहे काका! ज्याला खरंच काही करायचं असतं तो विचारत नाही. आम्ही उतरलो होतो त्या होमस्टेच्या जाहिरातीत झकास कौलारू घर होतं, प्रत्यक्षात स्लॅब, वर काळी सिंटेक्सची टाकी. ते कौलारू घर कोणाचं, त्याला कोणी विचारलं होतं का, देव जाणे. पणजीत फोंताइन्हासच्या गल्लीत मी स्वतः बघितलंय, फोटो काढू नका असं लिहिलेलं असतं आणि त्या पाटीखालीच पायरीवर एक मुलगी केस मोकळे सोडून बसलेली, नवरा रस्त्यावर आडवा पडून तिचा फोटो काढतोय आणि आतली म्हातारी दार उघडायचं म्हणून आतल्या आत खोळंबलीय. त्यांची थाळी चुकत नाही. चुकते कोणाची, तर विचारणाऱ्याची.

रात्री चिडून मी कायदा बघितला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सरळ लिहिलंय की वास्तूचा फोटो काढणं हा हक्कभंग नाही. म्हणजे रस्त्यावर उभं राहून मी ती खिडकी खुशाल काढू शकत होतो, बोरिवलीला न कळवता. फक्त मी सौजन्य दाखवायला बेडं ओलांडून आत गेलो, आणि आत गेल्यावर राज्य काकांचं. बायको गाडीतून म्हणाली होती तेच कायद्याचं म्हणणं होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.

तर शेवटी काकांनी परवानगी दिली. अटींवर. रस्त्याच्या बाजूनेच काढायचा. तुळशीच्या उजवीकडे जायचं नाही, तिथून पत्रा दिसतो. मग त्यांनी आत हाक मारली, "गे, दोरयेवरचे कपडे काढ, फोटो काढतत!" काकी आल्या, तीन गाऊन आणि एक टॉवेल काढून नेला, जाताना "माझो नको हां फोटो" असं बजावलं आणि आत जाऊन नेमक्या त्या खिडकीच्या गजांमागे बघायला उभ्या राहिल्या. काय फ्रेम होती ती! गजांमागे अर्धा चेहरा, नाकात चमकी. मी फोन वर केला, तर काका म्हणाले थांबा, आत गेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले (खाली पंचाच) आणि खिडकीच्या बरोब्बर पुढे, हात सरळ खाली सोडून, प्रजासत्ताक दिनाला उभे राहतात तसे उभे राहिले.

खिडकी गेली. काकीही गेल्या. मी मुकाट्याने काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर धाडा म्हणाले, धाडला. खानावळीत फक्त उसळ उरली होती.

ती अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड आहे ना, तिने २००३ मध्ये किनाऱ्यावरच्या बंगल्याचा फोटो वेबसाइटवर दिसतो म्हणून ५ कोटी डॉलरचा दावा लावला होता. फोटो काढणारा बिचारा समुद्रकिनाऱ्याची धूप टिपत होता. दाव्याआधी तो फोटो उतरवून घेतला होता एकूण सहा वेळा, त्यातले दोनदा तिच्याच वकिलांनी. दावा लावल्यावर लाखो लोकांनी जाऊन बघितला. पण निदान तिने स्वतः तो फोटो डीपीला लावला नव्हता.

काकांनी लावला. त्याच संध्याकाळी. शिवाय घरच्या ग्रुपवर टाकला, खाली "फोटो: डोंबिवलीचे पाव्हणे" आणि माझा नंबर.

काल दुपारी ऑफिसात अनोळखी नंबरवरून फोन. आवाज एकदम गोड. "नमस्कार, लालबागहून बोलतोय. आमच्या घराचा फोटो तुम्हीच काढलात ना? छान आलाय. नाही, फक्त एवढंच विचारायचं होतं, दादांच्या डोक्यावर उजवीकडे ते कोपऱ्यात निळं निळं काय दिसतंय? झूम केलं की फाटतं. ओरिजिनल असेल ना तुमच्याकडे? पाठवाल का? हरकत नसेल तर."

अत्यंत सभ्य माणूस. विचारून मागतोय. मी मीटिंगमध्ये आहे सांगून ठेवलाय, आणि आज सकाळपासून त्याचे तीन मेसेज आलेत, मी ते नोटिफिकेशनमध्येच वाचतोय, उघडत नाही.