आधी शपथ, मग वाळीत

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी पहाटे साडेचारला व्हॅन काढतो. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत तीन शेतांवर थांबून सात मुली घ्यायच्या, दीड तासावर मेरिलँडच्या बाजारात सोडायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या. दिवसभर त्या तिथे प्रेट्झेल नावाचा पिळाचा पाव भाजतात, लोणची विकतात. या मुली अमिश आहेत, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या. अमिश लोक स्वतःची मोटार ठेवत नाहीत, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसायला त्यांची ना नसते. त्यावर माझ्यासारख्या निवृत्तांचा जोडधंदा चालतो. आपल्यातला नसलेल्या प्रत्येकाला ते 'इंग्लिश' म्हणतात. माझे आजोबा बेचाळीस साली 'चले जाव' म्हणत तुरुंगात गेले, आणि नातू इथे येऊन इंग्रज झाला.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे आमचा शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. मागच्या महिन्यात एकाने तिथे व्हिडिओ टाकला: घोडागाडी, नांगर, पांढऱ्या टोपीतल्या मुली. खाली मजकूर, 'अमेरिकेच्या पोटात राहून संस्कार कसे जपतात बघा. नाहीतर आपल्या पोरी…' पुढे तीन टिंबं, आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मग आमच्यातल्या निवृत्त प्राध्यापकाने लिहिलं, 'हा मुलांच्या हक्कांचा खून आहे.' दोन दिवस जुंपली होती. अमिश माणूस दोघांनीही पाहिलेला नाही. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. ते फारच लांबलं, म्हणून इथे.

पहिली गोष्ट प्राध्यापकासाठी. हो, ही मुलं आठवीनंतर शिकत नाहीत. घरात पेन्सिल्व्हेनिया डच ही जर्मन बोली, शाळेत गेल्यावर इंग्रजी, प्रार्थनेत जुनी जर्मन. शाळा एका खोलीची, आठही इयत्ता त्याच खोलीत, आणि बाई म्हणजे बहुधा एक अविवाहित मुलगी, तीही आठवीच शिकलेली. विस्कॉन्सिन राज्याचा कायदा सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची करत होता. तिथल्या तीन बापांनी मुलांना आठवीनंतर पाठवलं नाही, म्हणून प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७२ साली बाप जिंकले. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र वेगळा सूर लावला. मुलाला पियानो वाजवायचा असेल, अंतराळवीर व्हायचं असेल, तर त्याला कोणी विचारलं का? मला डग्लस पटतात. पण प्राध्यापका, आपला २००९ चा शिक्षण हक्क कायदासुद्धा सहा ते चौदा वर्षांपुरताच आहे रे. पुढे आपणही हात झटकतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्याच्या कक्षेबाहेर गेल्या, तेव्हा ग्रुपवर कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

आता व्हिडिओवाल्यासाठी. सोळावं वर्ष लागलं की या मुलांना मोकळीक मिळते. तिला 'रुमश्प्रिंगा' म्हणतात, म्हणजे हुंदडणं. बाहेरच्यांनी त्याच्या फार रंगीत गोष्टी केल्या आहेत. बहुतेकांचं हुंदडणं म्हणजे रविवारी संध्याकाळी जमून गाणी म्हणायची, व्हॉलीबॉल खेळायचा, आणि मग एखाद्या मुलाच्या उघड्या बग्गीतून घरी यायचं. काही टोळक्यांत दारू असते, गाड्या असतात, फोन तर पुष्कळांकडे. आईबाप बघून न बघितल्यासारखं करतात. मूल अजून चर्चचं सभासदच झालेलं नाही, मग चर्चचे नियम त्याला कसे लावणार?

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात वर्षभर एक फोन होता. मधल्या सीटवरच्या मुलीचा, वय एकोणीस. बसल्या बसल्या ती हात पुढे करायची, मी फोन द्यायचो, मेरिलँडपर्यंत तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड. परतताना शेताच्या वळणाच्या अलीकडे फोन पुन्हा कप्प्यात. या मे महिन्यात तिने तो घेतलाच नाही. "विकून टाक," म्हणाली. (इथे एकसष्ट वर्षांच्या माणसालाही पहिल्या नावाने हाक मारतात. सवय झाली.) "पैसे मात्र माझ्याकडे दे, आईकडे नको."

तिचे बाप्तिस्म्याचे, म्हणजे चर्चची दीक्षा घेण्याचे, वर्ग सुरू झाले होते. आणि सगळी गोम इथेच आहे. अमिश लोक बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडाने शपथ घेतली तरच माणूस आत. हे त्यांना फुकट मिळालेलं नाही. हेच म्हटलं म्हणून फेलिक्स मान्झ या त्यांच्या पंथपूर्वजाला १५२७ साली झुरिकमध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं. उन्हाळाभर एक रविवार आड वर्ग होतात, आणि शेवटी मुलांना बजावलं जातं की शपथ मोडण्यापेक्षा ती न घेतलेली बरी, अजूनही मागे फिरा. शपथेआधी जो जातो, त्याच्यावर बहिष्कार नाही. आई रडते, पण त्याचं ताट एकाच टेबलावर वाढते.

शपथेनंतर गेलात तर 'माइडुंग'. मराठीत याला तयार शब्द आहे: वाळीत टाकणं. त्याच्या गाडीत बसायचं नाही. एका पंगतीला जेवायचं नाही. त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही. त्याने टेबलावर ठेवली, तर मग उचलायची. हे शेवटचं वाक्य मी इथल्या शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला दोनदा समजावावं लागलं. मराठी माणसाला नाही लागणार.

आमच्या कोकणातल्या गावात, मी सातवीत असताना, माझ्या बाकावरच्या मुलाचं घर गावकीने वाळीत टाकलं. पालखीच्या मानावरून त्याच्या बापाचं बिनसलं होतं, एवढंच मला कळलं. वाण्याने मीठ दिलं नाही. त्याची आजी गेली तेव्हा खांदा द्यायला त्याचे मामा परगावाहून येईपर्यंत मढं दुपारपर्यंत ओटीवर होतं. मला आईने सांगितलं, त्याच्याशी बोलू नकोस, दंड पडेल. मी बोललो नाही. बाक तोच, मध्ये माझं दप्तर.

त्या बापाने कुठे, कुणासमोर शपथ घेतली होती? तो जन्माला आला होता, इतकंच. माझा दोन्ही मित्रांशी वाद आहे तो इथे. अमिश पंथ कडक आहे की नाही, टोपी घालायला लावतो की नाही, यावर भांडून काय उपयोग? ज्याने शब्द दिला त्याला शब्दावरून धरणं मला आवडत नाही, पण निदान समजतं. ज्याला कधी विचारलंच नाही, त्याला कसला जाब मागता? आपल्याकडे जातीत, भावकीत, गावकीत आत यायचा दिवसच नसतो, मग बाहेर जायचा तरी कुठून असणार?

कायदा आला, नाही असं नाही. २०१३ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जात पंचायतींना मूठमाती द्यायची मोहीम काढली, आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा होता. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर रद्द केला, कारण बहिष्काराचा अधिकार हा धर्माच्याच कारभाराचा भाग मानला गेला. २०२३ साली घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे जावा असं म्हटलं. साठ वर्षं उलटली आणि आपण अजून त्याच पायरीवर आहोत.

म्हणून काय अमिशांची आरती ओवाळू? नाही. यांच्यात घरातला अत्याचारसुद्धा पुष्कळदा चर्चमध्ये मिटवला जातो. गुन्हेगार सगळ्यांसमोर कबुली देतो, सहा आठवडे बाजूला बसतो, मग त्याला माफी. आणि मुलीनेही मनातून माफ करायचं. आठवीत शाळा सुटलेल्या मुलीकडे, आपल्याला जे झालं त्याला काय म्हणतात, याचा शब्दही नसतो. मोटार नाही, वीज नाही, याचं कौतुक करणाऱ्यांनी हेही त्याच व्हिडिओत घालावं.

आणि ती शपथ तरी किती मोकळी? सुमारे पंच्याऐंशी टक्के मुलं आत राहतात. चर्चमध्ये लग्न लागायचं तर दोघांचा बाप्तिस्मा झालेला हवा. म्हणजे जीव जडला की शपथ आलीच. मी एकदाच विचारलं होतं त्या फोनवालीला, जायचा विचार केलास का कधी? तिने खरोखर विचार केला, दोनेक मैल तरी. मग म्हणाली, "जाऊन करू काय?" दुःखाने नाही, हिशेब सांगावा तशी. आठवीचं शिक्षण, गाडीचा परवाना नाही, ओळखीचं प्रत्येक माणूस दहा मैलांच्या आत. आणि जीव जडलेला तो मुलगाही याच बाप्तिस्म्याच्या वर्गात बसतो.

एक गोष्ट मात्र मला त्यांची हेवा वाटण्यासारखी वाटते. लग्न ठरलं हे दोघं लपवून ठेवतात, आणि आईबापांखेरीज कोणी विचारतही नाही. शरदात चर्चमध्ये पुकारा होतो, तेव्हा गावाला कळतं. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्न करायचं तर तीस दिवस नोटीस फलकावर, म्हणजे भाऊबंदांना गाडी काढायला पुरेसा वेळ. वर डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. व्हिडिओवाल्याने तेव्हा अंगठा वर केला होता. मला आठवतं, कारण माझ्या मुलीने स्वतःचं ठरवलेलं लग्न मी पाच महिने ग्रुपपासून लपवलं होतं.

लँकेस्टरमध्ये लग्नं मुख्यतः नोव्हेंबरात, कापणी उरकल्यावर, आणि तीही मंगळवारी किंवा गुरुवारी. पंगतीला सेलरी लागते, कोथिंबिरीच्या कुळातली ती जाड देठांची भाजी. शिजवून, कच्ची, फुलदाणीतसुद्धा. त्यामुळे उन्हाळ्यात कोणाच्या परसात तिचे वाफे नेहमीपेक्षा जास्त दिसले की शेजारणी मनात तारखा मोजायला लागतात.

मागच्या गुरुवारी तिच्या दारात थांबलो. उजाडायला वेळ होता, पण दिव्याच्या झोतात परस दिसत होतं. चार लांब वाफे, देठं वीतभर आलेली. बाप्तिस्मा सप्टेंबरात आहे. ती आत बसली, माझी नजर कुठे आहे ते तिने पाहिलं.

"आईला सेलरी फार आवडते," ती म्हणाली, आणि मागच्या सहाजणी मेरिलँडची हद्द येईपर्यंत हसत होत्या.